रादिमची सात बिळं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तारीख १२ नोव्हेंबर; दाट धुकं आणि नदीवर वर्षातला पहिला बर्फ. बोहेमियाच्या जंगलातला रादिम उंदीर तेव्हा सात बिळांत भागीदार होता. सगळीकडे त्याने अक्रोड गुंतवले होते. पण जंगलाचा रिवाज असा, की पहिल्या बर्फाच्या दिवशी कावळा दारोदार हाक मारी. जो भागीदार घरात नसेल, त्याचा वाटा जाई आणि हिवाळ्याचा आसराही.

सातही घरी हजर राहायचं म्हणून रादिम कावळ्याच्या पुढे धावू लागला.

"काय शेठ, आज पायी?" म्हणत कावळा वरून निघून गेला.

सहा बिळांत उत्तर एकच मिळालं. "रादिम? तो इथं कधी आलाच नाही."

सातव्या बिळात म्हातारा वोयतेख ससा राहत होता. तो म्हणाला, "कावळेदादा, आधी बसा, दोन घास खा. गेल्या पावसात पोराने माझं गळकं छप्पर स्वतःच्या हातांनी लिंपलं. येईलच तो."

कावळ्याने तीन गाजरं खाल्ली. चौथ्याला रादिम धापा टाकत दारात आला.

सहा वाटे गेले, एक राहिला. तो हिवाळा रादिमने वोयतेखच्या बिळात काढला.