सावरबोडीच्या स्टेशनाला लागणारे तेल

सावरबोडीच्या लाकडी स्टेशनाची एकही फळी दुसरीशी जुळत नाही. एक कुणाच्या दाराची, एक कुणाच्या पाटाची, खिडकीखाली तर चक्क मोडक्या बैलगाडीचे लाकूड ठोकलेले. पाहुणे हसतात. हसू द्यावे, गावातले म्हातारे मग त्यांना बाकावर बसवून भागरथाबाईची गोष्ट सांगतात.

पहिले स्टेशन सदोबा सुताराने अस्सल सागाचे बांधले होते, असे सांगतात. सदोबा गेला आणि गाडीला लाल दिवा दाखवायचे काम त्याच्या बायकोकडे, भागरथेकडे आले. दिवा दिसला तर गाडी थांबे, नाहीतर सरळ पुढच्या पुलावरून निघून जाई. दर दिवाळीला भागरथा साऱ्या फळ्यांना जवसाचे तेल चोळी. नवऱ्याचा हात अजून त्या लाकडात आहे, असे तिला वाटे.

एका दिवाळीत अवकाळी पाऊस कोसळला. दिवेलागणीला नदीने पुलाचा मधला खांब नेला, आणि वाऱ्याने लाल दिवा आपटून त्याचा चुरा केला. गाडीची वेळ झालेली. त्याच गाडीने तिची लेक कौसल्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. भागरथा घराकडे धावली. चुलीतले निखारे आणून तिने गवत पेटवून पाहिले, जुने लुगडे पेटवून पाहिले. पावसात सगळे नुसते धुमसले. लांबून शिट्टी ऐकू आली.

कोरडे असे एकच उरले होते. तिने स्टेशनात निखारे ओतले, वर तेलाचे मडके उपडे केले आणि, म्हणे, सदोबाची हात जोडून माफी मागितली. वर्षानुवर्षे तेल प्यालेला साग धडधडून पेटला. ड्रायव्हरने जाळ पाहून ब्रेक लावले. चाके किंचाळत घसरत राहिली. इंजिन थांबले ते पुलाच्या तोंडाशी.

कौसल्या पोट सावरत आली आणि जळत्या भिंती पाहून रडू लागली. “माय वं, बाबाचं ठेसन!”

“तुह्या बापानं ते कायले बांधलं व्हतं?” भागरथा म्हणाली. “गाडी थांबासाठीच ना? थांबली.”

मग गावाने घरटी एकेक लाकूड आणून स्टेशन पुन्हा उभे केले. आजही दिवाळीत सावरबोडीच्या घरांत पणती लागण्याआधी स्टेशनाच्या भिंतींना जवसाचे तेल लागते. आणि माहेरी आलेली लेक गाडीतून उतरली की आधी त्या फळ्यांना हात लावते, मग आईच्या गळ्यात पडते.