ड्रिलचे तेज

अवजारे आपसांत बोलत असत त्या काळी, बाबल मेस्त्रींच्या सुतारशाळेत एक ड्रिल होते. एका दुपारी त्याच्या जाळीतून निळ्या ठिणग्या उडाल्या.

"काय तेज चढलंय हो तुम्हाला!" पटाशी म्हणाली. रंध्याने तर वाकून नमस्कारच केला.

ड्रिल फुगले. तेवढ्यात त्याच्या पोटातून बारीक आवाज आला, "दादा, ते तेज नव्हे. ते आम्ही संपतोय."

"कोण तुम्ही?"

"तुमचे दोन कार्बन. मोटरला वीज पोचवता पोचवता झिजलो, आता नखाएवढे उरलोय. जरा अडखळून थांबा, म्हणजे मेस्त्री टोपण उघडून आम्हाला बदलतील. नाहीतर तुम्हीही जळाल."

"एवढ्या भक्तांसमोर अडखळू?" ड्रिल म्हणाले.

दिवसागणिक ठिणग्या वाढल्या आणि पोटातला तो आवाज विरत गेला. एके दिवशी तो आलाच नाही. अर्ध्या भोकात ड्रिल थांबले. मेस्त्रींनी टोपण उघडले, तर चिमूटभर काळी भुकटी सांडली.

"आधी अडखळला असतास, तर दोन कार्बनांत भागलं असतं रे! आता मोटरच्या आतलं आर्मेचरच जळालं." त्यांनी ड्रिल भंगारात टाकले.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडरच्या जाळीत काहीतरी निळे चमकले. रंधा सवयीने वाकला. आणि ग्राइंडरच्या पोटातून कुणीतरी हळूच म्हणाले, "दादा..."