येतो आम्ही

एका राज्यात एक डोंगर वाढत असे, आणि त्या डोंगरावरच्या राणीला झोप लागत नसे.

डोंगर दर अमावास्येला हातभर उंच होई. राजधानी त्याच्या माथ्यावर, म्हणून तीही वर जाई. लोकांना त्याचं काही वाटत नसे. नदीवर जाताना एक पायरी जास्त उतरायची, एवढंच. पण जे उंच होतं त्याची सावलीही लांब होते. ही सावली नदी ओलांडून पैलथडीच्या राज्यात शिरली होती, आणि दुपार कलली की तिथल्या भाताला ऊन मिळत नव्हतं.

राणीचं नाव बकुळा. पैलथडी तिचं माहेर. पाच वर्षांची लेक वेणू आजोळी गेली होती, आणि महिना झाला, तिकडून निरोप नव्हता. राणी कूस बदलत राही. "मीच पाठवली. हट्ट माझाच. कानटोपी दिली होती का बरोबर? दिली होती. की नव्हती?" चार शास्त्रं शिकलेली बाई, पण कानटोपीपाशी तिची सगळी विद्या संपे.

राजा उन्नतसेन वाईट नव्हता. तो म्हणे, "आपण वाढतो आहोत हे लपणार नाही. पण आपल्या मनात काय आहे, ते शेजाऱ्याला कळवलंच पाहिजे." कळवायला त्याने वकील नेमला भारद्वाज पक्षी; कारण भारद्वाज दिसणं शुभ. त्याला नीट उडता येत नसे, पण बोलणं फार सुरेख.

पहिला निरोप गेला: "आमचा उदय हा सर्वांचा उदय." दुसऱ्या दिवशी पैलथडीने आपल्या सगळ्या नावा नदीत बुडवल्या.

दुसरा निरोप गेला, सोबत शंभर रत्नदीप: "सावलीचा त्रास होतो असं ऐकलं, उजेड पाठवत आहोत." पैलथडीच्या मांत्रिकांनी काठावर बाभळींचं रान उभं केलं.

तिसरा निरोप शपथेचा: "तुमच्या एका ढेकळालाही आमचा हात लागणार नाही." या वेळी भारद्वाज परतला तो धापा टाकत.

"महाराज, घात झाला. मांत्रिकांनी राज्यातली सगळी मुलं कमळकळ्या करून तळ्यात लपवली. वेणूताईसुद्धा. पौर्णिमेपर्यंत पैलथडीकरांची भीती गेली नाही, तर कळ्या कळ्याच राहतील."

प्रधान म्हणाले, "चौथा निरोप आणखी गोड लिहू."

राणी उठून उभी राहिली. ती दरबारात बोलत नसे. तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. "भारद्वाजा, तिथे जे बोललास ते सगळं सांग. बसल्यापासून उडेपर्यंत."

भारद्वाजाने तीनही निरोप घडाघडा म्हटले.

"आणि मग?"

"मग काही नाही, राणीसाहेब. निरोप संपला."

"निघताना काय म्हणालास?"

"निघताना काय म्हणणार? सगळे म्हणतात तेच. बरंय, येतो आम्ही."

"तीनही वेळा?"

"तीनही वेळा. शेवटी त्यांचे चेहरे फार उतरलेले दिसले, म्हणून जरा मोठ्याने म्हणालो."

राणीला हसू आलं, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "महाराज, मी इथे नवी नवरी आले, तेव्हा कासार बांगड्या भरून 'येतो' म्हणाला आणि गेला. मी तासभर दारात त्याची वाट पाहत बसले होते. पैलथडीत येणारा 'येतो' म्हणतो, आणि जाणारा 'जातो' म्हणतो. आपण तीनदा गोड बोललो, आणि तीनदा सांगून आलो की आम्ही येतो आहोत."

राजा म्हणाला, "मग 'जातो' म्हणून यावं," आणि त्याने जीभ चावली.

कारण त्या राज्यात निघताना तो शब्द कुणी उच्चारत नसे. सात पिढ्यांपूर्वी एका राजाने एका जादूगारणीची जमीन बळकावली. ती म्हणाली, "आता जा." तो म्हणाला, "जाणार नाही." तेव्हा तिने शाप दिला, "जाणं जमत नाही ना? मग वाढत राहा. तुमच्यातला जो ज्या जागेला 'जातो' म्हणेल, त्याला ती जागा पुन्हा दिसणार नाही. आणि कुणी सगळं जाणून, आपल्या आवडत्या जागेला तो शब्द म्हणेल, तेव्हाच हा डोंगर थांबेल." तेव्हापासून तिथे पाहुणा निघतानाही 'येतो' म्हणे, आणि मरणाराही.

भारद्वाज म्हणाला, "मी म्हणतो ना! पैलथडी नाही दिसली तर नाही दिसली. तिथले बेडूक तसेही कडू."

"म्हणूनच तुझ्या म्हणण्याने काही होणार नाही."

राजाने मान खाली घातली. "राणीसाहेब, ते तुमचं माहेर."

"होय, महाराज. म्हणून मीच."

ती एकटी निघाली. नदीने विचारलं, "कोण?" ती म्हणाली, "डोंगरावरची राणी." नदी हलली नाही. "उन्नतसेनांची पट्टराणी." नदी हलली नाही. "वेणूची आई." नदी गुडघाभर झाली. बाभळींनी तिचा भरजरी शेला मागितला. तिने तो काट्याकाट्याला चिंधी चिंधी करून देऊन टाकला. आणि साध्या लुगड्यानिशी ती तळ्याशी पोहोचली.

तळ्यात तीनशे कळ्या होत्या. काठावर पैलथडीची म्हातारी राणी, बकुळेची आई, हातात काठी घेऊन बसली होती. कळीवर बेडूक बसला की ती त्याला हाकलत होती.

"आलात?" ती म्हणाली. "सांगितल्याप्रमाणे?"

"आई, मला अहो-जाहो करतेस?"

"सैन्य किती मागे आहे?"

"सैन्य नाही गं. तिकडे जाताना 'येतो' म्हणतात. ती रीत आहे."

म्हातारीने आणखी एक बेडूक हाकलला. "बरं. मग 'जातो'ला काय म्हणतात?"

"तो शब्द तिकडे म्हणत नाहीत."

"ज्यांच्याकडे जाण्याला शब्द नाही, त्यांच्या भरवशावर मी तीनशे पोरं पाण्याबाहेर काढू?"

बकुळा तिच्या शेजारी बसली. ती म्हणाली, "भूक लागली आहे." म्हातारीने पदराखालची तांदळाची भाकरी मोडून अर्धी दिली. भाकरी लहान होती. त्या वर्षी तांदूळच कमी आला होता. बकुळेने ती सावकाश खाल्ली, कणदेखील वेचून खाल्ला. चिंचेला बांधलेला आपला झोका पाहिला. आईच्या हातावरचा भाजल्याचा जुना डाग पाहिला. मग वाकून तिने पायांना हात लावला आणि म्हणाली,

"आई, मी जाते."

म्हातारीला शाप ठाऊक होता. शेजारच्याचा शाप कुणाला ठाऊक नसतो? तिच्या हातची काठी गळून पडली. "बकुळे, गीळ तो शब्द. मागे घे."

पण शब्द पाण्यावर पोहोचला होता. एक कळी उमलली, मग दहा, मग तीनशे. आणि मुलं शिंकत, एकमेकांवर पाणी उडवत काठावर आली. पलीकडे डोंगर सात पिढ्यांनी प्रथमच थांबला, आणि थकल्या माणसासारखा हळूहळू खाली बसला. भातावर दुपारचं ऊन आलं. बाभळी झडल्या, बुडालेल्या नावा वर आल्या. वेणू निथळत धावत आली. तिच्या डोक्यावर कानटोपी होती.

नाव निघाली. मुलांना न्यायला जमलेल्या लोकांतून म्हातारी काठापर्यंत आली, तिथे थांबली. लेकीकडे यायचं तर तिचे गुडघे आता बसका झालेला डोंगरही चढण्याचे राहिले नव्हते; हे दोघींनाही माहीत होतं. वल्हं पाण्यात पडलं आणि शापाने आपलं काम केलं: बकुळेला काठ दिसेनासा झाला. तिने वळून पाहिलं, तर नुसतं पाणी.

"वेणू, आजी उभी आहे का गं अजून?"

"आहे की. ती काय! हात हलवतेय."

"आणि?"

"आणि डोळे पुसतेय. तुला दिसत नाही?"

बकुळेने तिच्या कानटोपीचे बंद बांधले. वेणूने आईकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं, आणि ती नावेत उभी राहिली. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले. काठावरचे सारे लोक स्तब्ध झाले. डोंगरावरचं माणूस निघताना काय म्हणतं, ते त्यांनी तीनदा ऐकलं होतं.

"आजी, ते आई म्हणाली! मी नाही म्हटलं! मी येते हं!"