कारल्यातली परी आणि साखरेची गाठी

डोंगराच्या पायथ्याशी, बांबूच्या हिरव्यागार बेटाला टेकून एक इवलीशी झोपडी होती. इतकी इवलीशी, की टोपल्या आत ठेवल्या तर माणसांनी बाहेर बसायचं! तिथं शेवंता आणि तिचा बा राहायचे. शेवंताला आई नव्हती. बा बांबूच्या टोपल्या, सुपं, दुरड्या विणायचा. बाजारात त्या खपल्या तर दोघं पोटभर जेवायची, नाही खपल्या तर पाणी पिऊन निजायची.

त्यात बाला साखरेचा आजार जडला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी घ्यायची गोळी दिली आणि गोडधोड बंद केलं. घरातला गूळ गेला, साखर गेली. उरली ती फक्त शेवंताची गाठी. पाडव्याला शेजारच्या गोदावहिनीनं तिच्या गळ्यात घातलेली साखरेची माळ हो, पांढऱ्याशुभ्र आणि गुलाबी गुलाबी पदकांची! ती तिनं पत्र्याच्या डबीत जपून ठेवली होती. कधीमधी डबी उघडायची, एका पदकाला जिभेचं टोक लावायचं, की लगेच झाकण बंद. एवढा धीर कुणाला धरवेल का? मला तर मुळीच धरवला नसता.

झोपडीमागं एक कारल्याचा वेल होता. सुकलेला, बिचारा, कुणी ढुंकून न बघणारा. बांबूच्या कांबी भिजवलेलं पाणी उरलं की शेवंता त्याच्या मुळाशी घालायची आणि म्हणायची, "पी रे बाळा, दमला असशील." वेल हळूहळू हसला. त्याला पिवळी पिवळी फुलं आली, हिरवी हिरवी कारली लोंबली. एक कारलं तर पिकून नारिंगी झालं आणि एका सकाळी फट्‌कन उकललं! आत लालचुटूक, ओल्या माणकांसारख्या बिया. शेवंतानं एक उचलली आणि तोंडाजवळ नेली मात्र...

"टाक ती! आधी टाक!"

अगं बाई! कारलं ओरडलं? शेवंताच्या हातातून बी गळून पडली. उकललेल्या कारल्यात चक्क एक परी उभी होती! आणि परी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? सोनेरी केस, चंदेरी झगा? छे! हिचा झगा हिरवा आणि खरबरीत, त्यावर फोडच फोड. केस वेलाच्या तणाव्यांसारखे कुरळे. पंख मात्र पिवळ्या फुलांच्या पाकळ्यांचे, नाजूक आणि झळाळणारे.

"या बिया लेकरांनी तोंडात घालायच्या नसतात. पोटात नुसता गोंधळ होतो," परी आता मऊ आवाजात म्हणाली. "घाबरलीस होय गं? मी कडूची परी. माझ्या वेलाला तू पाणी दिलंस, म्हणून तुला दोन इच्छा. पण नियम ऐक. दुसऱ्यासाठी काही मागायचं असेल, तर आधी त्याला विचारायचं. आणि माझ्याकडं गोड मागू नकोस, ते मला देताच येत नाही."

शेवंता उड्या मारत घराकडं निघाली. आता बाला बरं करायचं! पण कसं? तेवढ्यात तिला गोदावहिनी दिसली. ती अंगणात बसून कारली चिरत होती. मीठ लावलेल्या फोडी तिनं मुठीत घट्ट पिळल्या आणि हिरवं हिरवं कडू पाणी मोरीत ओतून दिलं.

"वहिनी, कारल्यानं साखर उतरते ना गं?"

"उतरते म्हणतात खरी. गुणाचं असतं कारलं. आज तुमच्याकडं पण भाजी देते हो."

शेवंता त्या मोरीकडं बघतच राहिली. भाजी एवढी गुणाची, तर हे फेकलेलं पाणी किती गुणाचं असेल! आणि बायका ते खुशाल ओतून देतात? काय बाई हा वेडेपणा! ती तशीच वेलाकडं पळाली. "परीताई, माझ्या बासाठी रोज सकाळी कारल्याच्या रसानं काठोकाठ भरलेला पेला दे!"

"बाला विचारलंस?"

"हो," शेवंता म्हणाली. खोटं बोलली हो! बाला गंमत दाखवायची होती ना तिला. परीनं तिच्याकडं जरा रोखून पाहिलं. पण इच्छा ती इच्छा.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी पेला चमकत होता. बानं गोळी घेतली. मग तोंड वेडंवाकडं करत तो सगळा रस गटागटा प्यायला, लेकीनं दिलेला म्हणून. "भाकरी मागनं खातो गं, ही दुरडी आधी पुरी करतो," म्हणत तो कामाला बसला.

दुरडी काही पुरी झाली नाही. बाचे हात थरथरायला लागले. कपाळावरून घाम निथळला. कोयता हातातून खाली पडला. "शेवंते, हे... हे टोपलं का फिरतंय गं?" तो बरळायला लागला.

शेवंताच्या पायांखालची जमीनच सरकली. आपण दिलेलं औषध, आणि बाला हे काय झालं? ती किंचाळत वेलाकडं धावली. "परीताई! दुसरी इच्छा! माझ्या बाला वाचव!"

परीचा हिरवा चेहरा पांढराफटक पडला. "त्याची साखर फार खाली गेलीय. गोळीनं उतरवली, रसानं आणखी उतरवली, त्यात पोट रिकामं! त्याला आत्ताच्या आत्ता गोड हवं. आणि तेच माझ्याकडं नाही गं, सोने!"

"गोड? साखरेच्या आजाराला साखर?" शेवंताला काही कळेना. डॉक्टरीणबाईंनी तर गोड बंद केलं होतं!

"या घडीला साखरच! अजून तो जागा आहे, त्याला गिळता येतंय, तोवर पाज. आणि गोदावहिनीला हाक मार. पळ!"

घरात गोड काय होतं, ते तुम्हांला ठाऊकच आहे. शेवंतानं डबी उघडली. अख्खी गाठी दगडानं चेचली, पांढरी पदकं आणि गुलाबी पदकंही. एकही मागं ठेवलं नाही. पाण्यात विरघळवून तिनं बाच्या ओठांशी भांडं धरलं. "घे ना बा. एक घोट. आणखी एक." तिचे गाल रडून ओले झाले होते.

थोड्या वेळानं थरथर थांबली. घाम निवला. बानं डोळे नीट उघडले आणि विचारलं, "अगं, रडतीस कशापायी?"

शेवंताच्या हाकेसरशी गोदावहिनी धावत आली. तिनं त्याला भाकरी खाऊ घातली आणि दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बाच्या बोटातलं थेंबभर रक्त तपासलं. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हातच मारला.

"अहो, कारल्याची भाजी खा की खुशाल, जेवणाबरोबर! पण या गोळीवर पेलाभर रस? मला न विचारता? ही पोर हुशारीनं वागली म्हणून निभावलं. पण यानंतर रस नाही, आणि गोळीही मनानं बंद करायची नाही." मग त्या गोदावहिनीच्या गोल पोटाकडं वळल्या. "आणि तू गं? पोटात बाळ आहे ना? तू तर तो रस बिलकूल घ्यायचा नाहीस."

गोदावहिनीनं डोळे विस्फारले. "बाई गं! शेवंतानं कारल्याचं विचारलं, म्हणून मीही उद्यापासून रस सुरू करणार होते की!"

घरी आल्यावर शेवंतानं बाला सगळं सांगितलं. परी, पेला, आणि तो खोटा 'हो'सुद्धा. बानं तिला जवळ ओढलं. "मला इचारलं असतंस, तर म्हनलो असतो, मला रस नगं. मला फकस्त तू हवीस."

"मग आता विचारते. गोड काही परीला देता आलं नाही, म्हणून दुसरी इच्छा अजून शिल्लक आहे, बा. तुझ्यासाठी काय मागू?"

"तेवढा पेला बंद करायला सांग, माझी आई!" बा हात जोडून म्हणाला, आणि दोघंही खदखदून हसली.

शेवंतानं वेलापाशी जाऊन तसंच मागितलं. परी तिच्याकडं बघतच राहिली. "आणि तुला? तुझ्यासाठी काहीच नाही? एवढी जपलेली गाठी पण गेली की गं!"

"बा आहे ना," शेवंता म्हणाली.

परीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचे पिवळे पंख उजळले, पानापानांतून सोनेरी उजेड झिरपला, सगळा वेल लखलखला, शेवंताचे डोळे दिपून मिटले... आणि डोळे उघडून बघते तो परी नाही!

झोपडीत पत्र्याची डबी किणकिणली. शेवंतानं झाकण काढलं आणि तिचा आ वासलेलाच राहिला. आत नवीकोरी गाठी! पांढरी पदकं आणि गुलाबी पदकं. पण परीला तर गोड देता येत नव्हतं!

"पांढरी तुझी, बा. कधी पुन्हा थरथरलास तर लागतील. गुलाबी माझी," असं म्हणून तिनं एका गुलाबी पदकाला जिभेचं टोक लावलं. गोड, गोड, अगदी गोड! आणि मग, सगळं विरघळल्यावर, अगदी शेवटी...

"बा!" शेवंता ओरडली आणि हसत सुटली. "कडू लागतंय रे थोडंसं!"