चपटी परीक्षानळी

खडू स्वस्त आणि काच महाग होती, त्या काळची गोष्ट. शाळेच्या कुलूपबंद कपाटात एक परीक्षानळी राहायची. गुरुजी फळ्यावर तिचं नुसतं चित्र काढत, त्यामुळे मुलांना ती चपटीच वाटे.

"कुलूप आहे म्हणून आपण धड आहोत, पोरी," शेजारचं म्हातारं चंचुपात्र म्हणायचं.

एके दिवशी नव्या बाईंनी कपाट उघडलं. वर्गातली कावेरी नळी हातात घेऊन ओरडली, "अय्या, ही तर पोकळ आहे!"

मग नळीत पाणी उकळलं, तोंडाला लावलेलं सैल बूच फट्‌दिशी उडालं. "बाई, त्याला कुणी ढकललं?" सगळा वर्ग विचारू लागला.

संध्याकाळी नळी तडा घेऊन परतली.

"जन्माची अधू झालीस गं!" चंचुपात्र हळहळलं.

"झाले खरी. पण आजोबा, कावेरी विचारत होती, तुम्हीही चपटेच आहात का?"

चंचुपात्र हळूच सरकत कपाटाच्या दाराशी येऊन बसलं.