उजव्या हाताच्या घराला काय हवं?

एका गावाला एक टेकडी होती आणि टेकडीवर एकतीस घरांची वसाहत होती. घरे ज्याची त्याची, रस्ता मात्र सगळ्यांचा. बाजारातून निघून तो पहिल्या घरापाशी वळायचा आणि एका ओळीत बांधलेल्या घरांसमोरून थेट एकतिसाव्या घरापर्यंत वर जायचा.

या वसाहतीचा अध्यक्ष होता सदोबा अंदुरे. बाजारात त्याचे बांगड्यांचे दुकान होते. शाळा झाली होती चौथीपर्यंत. पण मनगटाकडे नुसते पाहून तो माप सांगायचा, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. कधी चुकला नाही. त्यामुळे माणसांची मनेसुद्धा अशीच लांबून मोजता येतात, असा त्याचा एक समज होऊन बसला होता.

टेकडीच्या पायथ्याशी लिंगाप्पाशेठची दगडाची खाण होती. लिंगाप्पाच्या लेकीच्या लग्नात सदोबाने मांडवातल्या साठ बायकांना बांगड्या भरल्या आणि एकही बांगडी फुटू दिली नाही. लिंगाप्पा खूश झाला. म्हणाला, "अंदुरे, तुमच्या वसाहतीला एक काम करून देतो. दगड माझा, चार गवंडी माझे, महिनाभर. पण काम एकच. आणि कागदावर एकतीसच्या एकतीस घरांच्या सह्या पाहिजेत."

"सगळ्यांच्या? बहुमत नाही चालणार?"

"पलीकडच्या वाडीला बहुमतावरच दगड दिला होता. निम्म्यांना पार हवा होता, निम्म्यांना विहिरीला कठडा. दगड अजून तिथंच पडलाय. त्यावर शेळ्या बसतात. शेळ्यांसाठी मी दगड फोडत नाही, अंदुरे! अक्षय्य तृतीयेच्या सकाळी कागद आणा. नाही आला, तर गवंडी दुसऱ्या कामावर गेले म्हणून समजा."

पंधरा दिवस हातात होते. सदोबाला एक दिवसही जास्त वाटला. काय करायचे ते त्याचे घरी पोचेपर्यंत ठरले होते. वसाहतीच्या तोंडाशी एक भक्कम दगडी कमान. कमानीवर वसाहतीचे नाव. त्याखाली बारीक अक्षरात अध्यक्षांचे नाव. अगदीच बारीक नाही.

दुसऱ्या दिवशी तो दारोदार फिरला. "कमान करावी म्हणतो. कसं काय वाटतं?"

"वा, शेठ! झकास!"

"हे सुचायला तुमच्यासारखाच माणूस पाहिजे."

तीस घरी तीस होकार मिळाले आणि तीस घरी चहा. सदोबा तरंगत घरी आला.

सकाळी तो सह्यांचा कागद घेऊन निघाला, तेव्हा वारे फिरले होते. एकाला चष्मा सापडेना. एकाचे म्हणणे, आज शनिवार आहे. एक बाई म्हणाली, "यांना विचारून सांगते," आणि 'हे' तिच्या मागेच उभे होते. संध्याकाळी कागदावर एकच सही होती आणि ती सदोबाचीच होती.

"काल सगळे हो म्हणाले होते गं!" तो बायकोला म्हणाला.

तुळसाबाई तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिले नाही. "तुम्ही विचारलंत कुठं? दारात उभं राहून सांगितलंत. घरी आलेल्या माणसाला नाही कोण म्हणतं? चहा दिला तसा होकार दिला."

सदोबाला ते झोंबले. पण तो मुरलेला व्यापारी होता. जो माल उठत नाही तो पुढे मांडून ठेवायचा नसतो. त्याने कमान मनातल्या मनात फळीवर टाकली आणि प्रत्येक घरी एक कोरी चिठ्ठी पाठवली: 'तुम्हाला काय हवं? मोकळेपणाने लिहा.'

तीन दिवसांनी चिठ्ठ्या आल्या. एकाला दारासमोर कारंजे हवे होते. एकाला देऊळ हवे होते आणि त्याच्या शेजाऱ्याला काहीही चालणार होते, देऊळ सोडून. सदोबाच्या डाव्या हाताला हणमंतराव शिंगटे पैलवान राहायचे. वय बहात्तर, मिशी अजून तेल लावून वळलेली. त्यांनी लिहिले होते, 'तालीम.' पैलवानांच्या पलीकडच्या गोदूताई वाघचौरे सगळ्या टेकडीवर तिखट जिभेच्या म्हणून ठाऊक. त्यांनी लिहिले, 'मला काही नको. देवाच्या दयेने सगळं आहे.' आणि गोदूताईंसारख्या आणखी अकरा जणांना देवाच्या दयेने काही नको होते.

आपल्याकडे असेच असते. पाहुण्याला विचारा, वाढू का? तो पानावर हात आडवा धरणार. पोट भरलेय का, हे त्याच्या हातावरून कळत नाही.

पाच दिवस उरले. आता सदोबाचा चेहरा उतरला. दगड जाईल तो जाईल. पण वसाहतीला असे आंदण पुन्हा कोण देणार? आणि एवढी एक गोष्ट जमली नाही, तर अध्यक्ष म्हणून आपण मिरवायचे कशाच्या जोरावर? तो गल्ल्यावर बसून राहिला.

तेवढ्यात दुकानात दोघी जावा आल्या. थोरली पुढे बसली.

"काय दाखवू, वहिनी?"

"काही खास नको. साध्याच दाखवा. दोन-सहाच्या."

धाकटीने मागून तोंड घातले. "शेठ, ऐकू नका तिचं. तिला त्या वरच्या मोरपंखी हव्यात. तीन बाजार झाले, आली की तिकडंच बघते. तोंडानं बोलायची नाही. आणि माप दोन-आठचं आहे."

"गप गं, भवाने!" थोरली लाजली. पण हात तिने पुढे केला होता.

सदोबाने मोरपंखी बांगड्या काढल्या आणि त्या तशाच हातात धरून तो थांबला. तीस वर्षे तो हे पाहत आला होता. बांगड्या भरायला बाई सहसा एकटी येत नाही. एक हात पुढे करते आणि दुसरी खरे काय ते सांगते. एवढे दुकानात कळत होते, ते टेकडीवर कसे सुचले नाही?

त्याच दिवशी एकतीस घरी नव्या चिठ्ठ्या गेल्या. त्यावर एकच प्रश्न होता: 'तुमच्या उजव्या हाताच्या घराला काय हवं?' शेवटच्या घराने पहिल्याबद्दल लिहायचे होते.

काय सांगावे! ज्यांना स्वतःसाठी एक ओळ सुचली नव्हती, त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही भरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या परत आल्या. सदोबा आणि तुळसाबाई ओसरीवर वाचत बसली.

'उजवीकडच्यांना अक्कल हवी. दगडात मिळत असेल तर बघा.'

'उजवीकडच्या काकू चढावर थांबून फोनवर बोलतात. फोन उलटा धरलेला असतो. दम लागतो म्हणायची लाज वाटते त्यांना.'

'उजवीकडच्या सूनबाईला सातवा महिना आहे. पाण्याची कळशी घेऊन चढते. धरायला आधार हवा, पण ती सासूला सांगणार नाही.'

गोदूताईंनी पैलवानांबद्दल लिहिले होते: 'भाजीची पिशवी घेऊन येताना तीनदा थांबतात. विचारलं तर म्हणतात, हवा बघतोय. हवेत काय बघायचं असतं? परवा भिंतीला धरून उभे होते. मला भीती वाटली.'

वाचता वाचता तुळसाबाईचे हसू कमी कमी होत गेले. एकतिसातल्या तेवीस चिठ्ठ्या चढाबद्दल होत्या आणि त्यातली एकही कुणी स्वतःसाठी लिहिलेली नव्हती.

"तेवीस घरं रोज चढावर थांबतात," ती म्हणाली, "आणि प्रत्येकाला वाटतं, आपलं सोंग कुणाला कळलं नाही."

त्या तेविसांतली शेवटची चिठ्ठी पैलवानांची होती. म्हणजे ती सदोबाच्या घराबद्दल होती. 'सदोबाशेठ दुकानातून येताना चढावर उभे राहतात आणि घरं मोजतात. विचारलं तर म्हणाले, अध्यक्षाला लक्ष ठेवावं लागतं. वीस वर्षं मोजतायत. घरं एकतीसच आहेत. त्यांना बसायला जागा हवी.'

सदोबाचे कान लाल झाले.

"खोटं आहे का?" तुळसाबाईने विचारले.

"मोजतो मी घरं."

"मग आज किती भरली?"

सदोबाने चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. तीस चिठ्ठ्या लोकांपुढे ठेवायच्या, ही नाही, असे त्याने ठरवून टाकले.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी वसाहतीच्या मोकळ्या जागेवर सभा भरली. सदोबाने सांगितले, "रस्त्याच्या कडेने दगडी पायऱ्या करू. एका अंगाला कठडा. मध्ये तीन ठिकाणी बसायला कट्टे. तेवीस घरांच्या चिठ्ठ्यांत हेच आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पैलवान उठून म्हणाले, "चांगलं काम आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय होईल. आमच्या घराला गरज नाही. बाकीच्यांच्या सह्या घ्या."

झाले! मग बाकीचेही तेच म्हणू लागले. काम चांगले, पण आमच्यासाठी नको, शेजाऱ्यांसाठी करा. सह्यांचा नवा कागद हातोहात फिरला आणि होता तसाच कोरा सदोबाकडे परत आला. सही करायची म्हणजे आपले गुडघे कुरकुरतात हे चारचौघांत लिहून द्यायचे. ते कोण देणार?

सदोबाला मागच्या ओळीत ती सातव्या महिन्याची सून दिसली. सासू शेजारीच बसली होती. उद्या गवंडी गेले की हिला पुन्हा तसेच चढायचे होते. पैलवानांनाही पुन्हा भिंत धरायची होती.

त्याचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. ही चिठ्ठी वाचली की संपले. पोरेटोरेसुद्धा उद्यापासून 'किती घरं झाली, शेठ?' म्हणून ओरडतील. पण मग त्याला दुकान आठवले. लाजेपायी लहान माप सांगणारी बाई त्याने हजारदा पाहिली होती. चढवताना बांगडी तिच्याच हातात फुटते आणि काच तिलाच लागते. तो अशा प्रत्येकीला सांगायचा, "ताई, हात मोठा असण्यात कसली आलीय लाज?"

दुसऱ्यांना सांगणे सोपे होते.

त्याने चिठ्ठी काढली आणि खणखणीत आवाजात पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचली. त्या 'वीस वर्षं'सकट.

गोदूताई फुटल्या. "अगं बाई! म्हणून उभे असता होय आमच्यासमोर! मला वाटायचं, आमच्या घरावर डोळा आहे तुमचा. मी पडदा ओढून घ्यायचे!"

सगळी सभा खो खो हसू लागली. सदोबाही हसला.

"घरं कसली मोजतोय, ताई? मला दम लागतो. पैलवानांनी खरं तेच लिहिलंय. मला पायऱ्या हव्यात, माझ्यासाठी हव्यात. ही माझी पहिली सही." त्याने सही केली आणि कागद पैलवानांपुढे धरला. "आता बोला, पैलवान. हवा कशी आहे?"

पैलवानांच्या मिशीचे एक टोक थरथरले. मग पैलवान असे गडगडून हसले की झाडावरचे कावळे उडाले.

"हवा वर राहते, शेठ, आणि मी मध्येच अडकतो! माझ्या गुडघ्यांनी कधीच पाठ टेकलीय. आणा तो कागद."

त्यानंतर लेखणीला उसंत मिळाली नाही. फोन उलटा धरणाऱ्या काकूंनी सही केली. सुनेने चढताना आधार लागतो म्हणून सांगून टाकले, तेव्हा तिच्या सासूने सही केली आणि तिला म्हणाली, "मला सांगायचंस ना गं." पहिल्या घराचा मालक म्हणाला, "मी तर पायथ्याशी राहतो; पण सगळे चढायच्या आधी माझ्याच ओट्यावर दम खातात आणि पाणी मागतात. माझी सही दोनदा घ्या!" आणि घाईत त्याने खरेच दोनदा केली. एक खोडावी लागली.

सकाळी लिंगाप्पाशेठने बोट ठेवून सह्या मोजल्या. एकतीस भरल्या. त्याने तिथल्या तिथे गवंड्यांना हाक मारली.

महिन्याभरात पायऱ्या झाल्या, कठडा झाला, तीन कट्टे झाले. सून बाळंतपणाला माहेरी निघाली तेव्हा कठडा धरून सावकाश उतरली आणि परत आली ती बाळाला घेऊन, प्रत्येक कट्ट्यावर कौतुक करून घेत. सदोबाला मात्र घरी पोचायला आता पूर्वीपेक्षा उशीर होतो. कारण प्रत्येक कट्ट्यावर कुणी ना कुणी सरकून जागा करते, "बसा हो, शेठ," म्हणते, आणि शेठ बसतात.

तात्पर्य: माणूस स्वतःची गरज लाजेने झाकतो, पण शेजाऱ्याची बरोबर ओळखतो. म्हणून सगळ्यांचे भले करायचे असेल, तर प्रत्येकाला त्याच्या शेजाऱ्याबद्दल विचारावे आणि स्वतःची अडचण सांगायला आपण सर्वांत आधी उभे राहावे.