व्हाल्मोरच्या कारंज्यावर तोंड का धुतात

थांबा, थांबा! ब्रेक मारा सगळ्यांनी. अहो गुळवणी, पुढं कुठं पळताय? या गावातून तोंड न धुता आजवर एकही सायकलवाला गेलेला नाही, तुम्ही काय आभाळातून पडलात?

सायकली भिंतीला टेकवा आणि सावलीला या. हे व्हाल्मोर. खाली वाहते ती व्हेरोल नदी, आणि पुलापलीकडं ज्या गावातून आपण सकाळी निघालो, ते रोशब्लान. समोर दगडी कारंज्यापाशी ती बाई ओलं फडकं घेऊन उभी आहे ना, ती तुमचं तोंड पुसणार. उजव्या हातानं. डावा हात ती पाठीमागंच ठेवते. आधी विचारणार, "कुणाचा तू?" मग तुम्ही आईचं नाव सांगायचं. बापाचं नाही, आणि कंपनीचं तर नाहीच नाही! हसू नका. मी मूळचा इचलकरंजीचा, पण आपल्या माणसांना या खोऱ्यांतून सायकलवर हिंडवताना माझे केस पांढरे झाले, आणि या कारंज्यापाशी मी अजून कधी हसलेलो नाही. इथली म्हातारी माणसं सांगतात तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

सायकली नव्यानंच आल्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. डांबर नव्हतं. सगळा रस्ता चुनखडीचा, पांढराफटक. या दोन गावांचं वैर बापजाद्यांपासूनचं. कशावरून, ते कुणालाच आठवत नव्हतं म्हणे, पण वैर मात्र चुलीतल्या विस्तवासारखं जपलेलं. द्राक्षांची तोडणी झाली की दोन्ही गावांच्या पोरांची शर्यत लागायची. रोशब्लानच्या चर्चपासून निघायचं, पूल ओलांडायचा आणि हा घाट चढून कारंज्यापर्यंत यायचं. बक्षीस काय, तर डुकराची खारवलेली तंगडी आणि वाइनचं एक पिंप. एका तंगडीपायी माणसं एकमेकांच्या जिवावर उठायची, आता बोला!

या गावात बर्तील नावाची लोहारीण होती. नवरा गेल्यावर घण तिनंच उचलला होता. तिला एकच पोरगा, फिर्मँ. त्याची सायकल तिनं स्वतः ठाकूनठोकून नीट केलेली. त्या वर्षी फिर्मँ पुलावर सगळ्यांच्या पुढं होता. रोशब्लानचा एक पोरगा मागून आला, त्यानं कोपर मारलं, आणि फिर्मँ बुटक्या कठड्यावरून खाली नदीतल्या खडकांवर पडला. माणसांनी त्याला घोंगड्यात बांधून वर आणलं. बर्तील पाण्याचं भांडं घेऊन धावली, पोराचं तोंड धुवायला. दीर मार्सोनं तिला घोंगडं उघडू दिलं नाही. धुवायला तोंड राहिलंच नव्हतं.

मग तिनं इथंच, या कारंज्यावर, गावादेखत शपथ घेतली. "ज्यानं माझं पोर मारलं, त्याच्या रक्तात हात बुडवीन. तोवर माझ्या तोंडाला पाणी लागणार नाही." आपल्याकडं द्रौपदीनं केस मोकळे ठेवले, तसंच समजा. वर्षभर तिनं तोंड धुतलं नाही. भट्टीची काजळी त्यावर थरावर थर बसत गेली. ती रस्त्यानं निघाली की लेकरं आईच्या मागं दडायची. ऐरणीवर ती काय ठोकते आहे हे गावाला ठाऊक होतं, पण कुणी हटकलं नाही. गावालाही तेच हवं होतं.

पुढच्या वर्षी द्राक्षं उतरली आणि शर्यत पुन्हा लागली. घाटाच्या मधल्या वळणावर मार्सो आणि गावचे गडी झुडपांत दबा धरून बसले. कुणाकडं कुऱ्हाडीचा दांडा, कुणाकडं बर्तीलनं घडवलेली लोखंडी पहार. पहिले स्वार वळणावर आले तेव्हा घामावर धूळ बसून सगळे एकसारखे पांढरे झाले होते. "हाणा!" म्हणून मार्सो ओरडला, आणि मग दिसेल त्याच्यावर दांडे पडायला लागले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातली गत. एकाचा जबडा फुटला, एकाचा हात कोपरातून उलटा फिरला, एक सायकलीसकट दरीत गडगडत गेला. पांढऱ्या धुळीत रक्ताचा चिखल झाला. व्हाल्मोरच्या गड्यांच्या हातून त्यांच्याच गावचं एक पोर तुडवलं गेलं, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हवा होता तो शेवटी सापडला. बाझील त्याचं नाव, जेमतेम मिसरूड फुटलेला. मार्सोनं पहारीनं त्याचा गुडघा फोडला, मग पाय धरून त्याला फरफटत घाट चढवून आणलं आणि बर्तीलच्या पुढ्यात टाकलं. "घे वहिनी. तुझा माणूस."

बर्तील इथंच, कारंज्यापाशी, हातोडा घेऊन उभी होती. अख्खा गाव गोळा झालेला. तिनं खाली पाहिलं. धूळ आणि रक्त मिळून त्याच्या तोंडावर लिंपण झालं होतं, पापण्या चिकटलेल्या. ती म्हणाली, "पाणी द्या. कोण मारतंय हे त्याला दिसायला हवं."

एवढ्याचसाठी, बरं का. दया म्हणून नव्हे. ती खाली बसली, फडकं भिजवलं आणि त्याचे डोळे, गाल, कपाळ पुसायला लागली. आणि ते पोरगं फसलं. त्याला वाटलं, कुणीतरी मायेची बाई भेटली. त्यानं डोळे न उघडताच गाल तिच्या तळहातावर टेकवला आणि म्हणालं, "देव तुमचं भलं करो, आई."

बर्तीलचा हात थांबला. बायका कुठल्याही चुकल्या लेकराला विचारतात तसं तिच्या तोंडून निघून गेलं, "कुणाचा तू?"

"ओदेतचा."

"पुलावर काय केलंस ते विचार त्याला!" मार्सो गरजला.

तेव्हा बाझीलनं डोळे उघडले. समोर काळं तोंड आणि मांडीशी हातोडा. सगळं उमगलं त्याला. पण खोटं नाही बोलला. "मीच कोपर मारलं. मला पुढं जायचं होतं. तो मरेल असं नव्हतं वाटलं."

हातोडा वर गेला. खरंच गेला, इथली माणसं ते लपवत नाहीत. वर्षभराची आग त्या हातात होती. पण तो खाली येईना. मार्सोला दम निघाला नाही. "तुझ्यानं होत नसेल तर हो बाजूला!" म्हणत त्यानं पहार उचलली आणि पोराच्या डोक्याच्या रोखानं खाली आणली. बर्तीलनं डावा हात मध्ये घातला. पहार तिच्या पंज्यावर बसली. बोटं चिरडली, पार चेचली, आणि ती किंचाळली ते खाली रोशब्लानपर्यंत ऐकू गेलं म्हणे. पण उजव्या हातात हातोडा होताच. तिनं तो फिरवला आणि मार्सोचा खांदा फोडला. पहार हातातून गळाली, मार्सो कोसळला.

"या!" ती गावाला म्हणाली. "आणखी कुणाला पुढं यायचंय?"

कुणी आलं नाही. बाझीलची आई, ओदेत, धावत घाट चढून येईपर्यंत बर्तील त्याच्यापुढं तशीच बसून राहिली, चेचलेला हात पोटाशी धरून.

नंतर पाद्री विचारायला गेले, "मुली, माफ केलंस ना त्याला?" तर म्हणाली, "माफबिफ काही नाही. मी फक्त त्याचं तोंड धुतलं. धुतलेल्या तोंडावर घाव घालता आला नाही, एवढंच." शपथ पुरी केली नाही म्हणून ती वर्षानुवर्षं स्वतःला कोसत राहिली. घणही मग कधी पेलला नाही तिला.

शर्यत बंद झाली. पण द्राक्षं उतरली की दर साली बाझील लंगडत, सायकल ढकलत हा घाट चढायचा आणि धुळीनं माखलेला कारंज्यापाशी उभा राहायचा. बर्तील घरातून यायची. चेचलेला डावा हात पाठीमागं ठेवून उजव्या हातानं त्याचं तोंड पुसायची आणि विचारायची, "कुणाचा तू?" तो सांगायचा, "ओदेतचा." याउपर एक अक्षर नाही. ती वळून घरात जायची. दोघं म्हातारी झाली तरी यात फरक पडला नाही.

मग बर्तील गेली. बायका पाणी घेऊन जमल्या, पण त्या जुन्या शपथेमुळं तिच्या तोंडाला हात लावायचं धाडस कुणाला होईना. शेवटी गावानं रोशब्लानला माणूस धाडला. बाझील आला. तिच्या उशाशी बसला, डावा हात पाठीमागं घेतला आणि तिचं तोंड पुसलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. ती विचारायची तो प्रश्न आता विचारायला कुणी नव्हतं. तरी त्यानं तिच्या वतीनं उत्तर दिलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फिर्मँची."

इतक्या वर्षांत ते नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं होतं.

आजही शेवटच्या सायकलवाल्याचं तोंड पुसून झालं की ती बाई फडकं पिळते, कारंज्याकडं वळते आणि एवढंच म्हणते, "फिर्मँची." तेवढा वेळ कुणी बोलू नका. चला, हेल्मेटं काढा. गुळवणी, तुम्ही आधी. आईचं नाव नीट सांगा, पुटपुटू नका.